शयनगृहाचे परिमाण

गेल्या वर्षी शिरूर अनंतपाळ येथील आमच्या घराचा वरचा मजला बांधावयास घेतला. खाली पुढे दुकान आणि मागे राहते घर ही वडिलांच्या वेळची मांडणी तशीच ठेवून वर तीन शयनगृहे काढावीत, असा चिरंजिवांचा बेत होता. त्यासाठी त्याने लातूरहून एका तरुण इंटिरिअर डिझायनरला बोलावून घेतले. एका रविवारी सूर्यास्तापूर्वीची जेवणे आटोपून आम्ही सर्व ओसरीवर बसलो असता चिरंजिवांनी मोबाईलवर नव्या खोल्यांची चित्रे दाखविली.

सर्वांत मोठ्या खोलीला ‘मास्टर स्वीट’ असे नाव होते. १२ फूट बाय १४ फूट खोली, तिला लागून ६ बाय ८ फुटांचा वॉक-इन वॉर्डरोब, छताच्या कडेत लपविलेले दिवे, पलंगाच्या डोक्याकडे चामड्याचे गादीकाम, पलंगाखाली भलीमोठी पेटी आणि उशाच्या बरोबर वर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, छताला भिडलेली कपाटांची रांग. चित्र खरोखरच देखणे होते. “आण्णा, एक इंचसुद्धा जागा वाया जाणार नाही,” चिरंजीव अभिमानाने म्हणाले.

मी एवढेच म्हणालो, “उशावरची कपाटे नकोत.”

“का, आण्णा? साठवणीची खरी जागा तर तीच आहे.”

मला उत्तर देता आले नाही. जे तीस वर्षे पत्नीखेरीज कोणाशी बोललो नव्हतो, ते असे सर्वांसमोर सांगवेना. “वास्तुशास्त्रात बसत नाही,” असे काहीतरी पुटपुटून मी विषय टाळला. वास्तुशास्त्रावर माझा काडीचाही विश्वास नाही हे घरात सर्वांना ठाऊक असल्याने सूनबाई माझ्याकडे पाहतच राहिली.

माझे बालपण ज्या घरात गेले, त्यात झोपण्यासाठी म्हणून वेगळी खोली नव्हती. आपल्या बहुतेक व्यापारी कुटुंबांत त्या काळी हेच होते. वडील दुकानातच झोपत. दिवसा ज्या गादीवर बसून ते खतावणी लिहीत, त्याच गादीवर रात्री चादर बदलली की त्यांचे अंथरूण तयार होई. लोड उशाला आणि किल्ल्यांचा जुडगा उशीखाली. आम्ही मुले माजघरात एका ओळीने वाकळा अंथरून झोपत असू, उन्हाळ्यात माळवदावर. पहाटे अंथरुणांच्या वळकट्या कोपऱ्यात रचल्या की तीच जागा दळणाची, निवडणीची आणि आमच्या अभ्यासाची होई. जपानमधील पारंपरिक घरांतही अशीच रीत आहे. तेथे ‘फुटोन’ नावाची गादी सकाळी घडी करून भिंतीतल्या ‘ओशिइरे’ नावाच्या कपाटात ठेवतात आणि खोली दिवसभरासाठी मोकळी होते. एका जागेचे दोन उपयोग हे आजच्या डिझायनर मंडळींचे आवडते सूत्र आपल्या आजोबा-पणजोबांना कोणी शिकवावे लागले नव्हते.

साठवणीची सोय भिंतींतच असे. आमच्या भागातील जुन्या घरांच्या भिंती दगड-मातीच्या आणि दोन-तीन फूट, कोठे त्याहूनही जाड. त्या जाडीत दिव्यासाठी कोनाडे, भांड्यांसाठी फडताळे, धान्यासाठी बळद. कपड्यांसाठी प्रत्येकाची एक पत्र्याची पेटी. त्या पेटीत मावेल तेवढेच आपले, असा न बोललेला नियम होता.

पुढे आमची लग्ने झाली, सामान वाढले, पेट्या वाढल्या. माझे लग्न १९८६ सालचे. मी बँकेत नोकरीला होतो, बदलीच्या गावी बिऱ्हाड लहान. त्यामुळे आहेरातली पितळेची भांडी एका लोखंडी पेटीत भरून ती शिरूरच्या घरीच ठेवली. माजघरात जागा नव्हती म्हणून भिंतीत खुंट्या ठोकून एक रुंद फळी बसविली आणि पेटी तिच्यावर चढविली. हे काम मी माझ्या हाताने केले. आई खालून म्हणाली होती, “अरे, एवढे जड डोक्यावर कशाला?” मी म्हणालो, “खाली अडचण होते.” पुढच्या सात वर्षांत ती पेटी एकदाही उघडली गेली नाही.

१९९३ च्या अनंत चतुर्दशीला मी सहकुटुंब घरी आलो होतो. दशलक्षण पर्वाचा शेवटचा दिवस, २९ सप्टेंबर. आदल्या दिवशी उत्तम आकिंचन्य धर्माचे वाचन झाले होते. आईचा उपवास होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे पारणे व्हावयाचे होते. गावात गणेश विसर्जन उशिरापर्यंत चालले. आई माजघरात तिच्या नेहमीच्या जागी, त्या फळीखाली, झोपली. आम्ही मुलांसह ओसरीवर होतो.

पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी काय झाले ते लातूर-धाराशिवच्या वाचकांना सांगावयास नको. इतरांसाठी थोडे लिहितो. भूकंपाचा केंद्रबिंदू आमच्याच जिल्ह्यातील किल्लारीजवळ होता; तीव्रता ६.२ ते ६.४. हजारो माणसे झोपेतच गेली. त्यांचा जीव भूकंपापेक्षाही घरांनीच अधिक घेतला. भिंतीच्या आतल्या व बाहेरच्या दगडी थरांना सांधणारे लांब दगड बहुतेक ठिकाणी घातलेलेच नव्हते. त्यामुळे हादरा बसताच भिंती उभ्या उसवल्या. वर माळवदाचे ओझे. लाकडी तुळयांवर मातीचा थर घालावयाचा, गळू लागले की त्यावर आणखी माती टाकावयाची, अशा रीतीने पिढ्यान्‌पिढ्या वाढत जाऊन तो थर कोठे एक, कोठे दोन फुटांहून जाड झाला होता. प्रत्येक वर्षी टाकलेली माती थोडीच असे. तिची बेरीज कोणी केली नव्हती. त्या वेळच्या भूकंप-नकाशात आमचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ च्या भारतीय मानकात तो तिसऱ्या विभागात गेला.

शिरूरला किल्लारीसारखा विध्वंस झाला नाही. आमच्या घराच्या भिंतीला तडे गेले, माळवदाचा एक कोपरा खाली आला. परंतु घर उभे राहिले. फळी मात्र निसटली आणि ती लोखंडी पेटी आईच्या उजव्या पायावर पडली. अर्धा हात वर पडली असती तर आज हा लेख लिहिण्याचे धैर्य मला झाले नसते. अंधारात, धुळीत, मी आईला उचलून अंगणात आणले तेव्हा ती णमोकार म्हणत होती. पाय मांडीपासून मोडला होता.

दुसऱ्या दिवशी क्षमावाणी होती. दवाखान्यात जागा नव्हती. बाहेर मंडपात खाटा टाकल्या होत्या. प्लॅस्टर घातलेल्या आईपुढे मी हात जोडले. पण नेहमीचे ‘उत्तम क्षमा’ हे शब्द तोंडातून फुटेनात. तिला कळले. ती म्हणाली, “पेटी खाली उतरली, बरे झाले. आता परत वर चढवू नको.” पुढे महिन्याभराने तिने ती उघडावयास लावली आणि आतली सर्व भांडी पत्र्याच्या शेडमध्ये संसार मांडणाऱ्या कुटुंबांकडे पाठविली. सात वर्षे तिच्या डोक्यावर राहिलेली भांडी अखेर कोणाच्या तरी चुलीवर चढली. पाय जुळला, पण आखूड झाला. २०१४ साली जाईपर्यंत, म्हणजे एकवीस वर्षे, आई लंगडत चालली. त्याबद्दल ती मला एका शब्दानेही बोलली नाही.

हे सर्व मनात घोळत असता मी पुन्हा एकदा श्रावकाचाराकडे वळलो. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात भोगोपभोग परिमाण व्रतासाठी ज्या गोष्टींचा नियम करावयास सांगितला आहे, त्यांत भोजन आणि वाहन यांच्या बरोबरीने ‘शयन’ हा स्पष्ट उल्लेख आहे. एकदा वापरून संपते ते भोग, जसे अन्न. पुन्हा पुन्हा वापरता येते ते उपभोग, जसे वस्त्र आणि अंथरूण. परिग्रहाच्या प्रकारांतही क्षेत्रानंतर लगेच वास्तू येते. मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत भूमिशयन आहे. परंतु ती मुनींची वाट झाली. श्रावकाला पलंग सोडावयास कोणी सांगितले नाही. त्याला सांगितले आहे ते परिमाण, म्हणजे आधी माप ठरविणे. आपण नेमके उलट करतो. आधी कपाट किती मोठे करता येईल ते पाहतो आणि मग ते भरण्याइतके सामान आपोआप जमते.

दोन दिवसांनी मी चिरंजिवांना म्हणालो, “तू व्यापारी आहेस. नवे गोदाम बांधण्यापूर्वी काय करशील?”

“स्टॉक मोजीन.”

“मग घराचाही मोजू.”

एका सुटीच्या दिवशी आम्ही घरातली सर्व कपाटे, पेट्या, माळे रिकामे केले. सूनबाईने वही घेतली आणि तीन रकाने आखले: चालू, हंगामी आणि पडून असलेले. ज्या वस्तूला दोन वर्षांत हात लागला नाही ती तिसऱ्या रकान्यात. मला वाटले होते, साड्यांचा आकडा मोठा निघेल. प्रत्यक्षात तिसऱ्या रकान्यात सर्वांत मोठी भर माझी होती. बँकेत मिळालेल्या कोऱ्या डायऱ्या २७, निरोप समारंभातील शाली १४, न उघडलेले चहाचे संच ५, आणि ज्यांच्या वस्तू केव्हाच मोडीत गेल्या त्यांचे रिकामे खोके. सूनबाई हसली नाही, हा तिचा विनय.

मग मी बँकेतील सवयीने हिशेब मांडला. वॉक-इन वॉर्डरोबची जागा ४८ चौरस फूट. आमच्या बांधकामाचा दर चौरस फुटाला २,२०० रुपये धरला तर नुसत्या जागेचे १,०५,६०० रुपये, फर्निचर वेगळे. त्या रकमेवर ९ टक्क्यांनी वर्षाचे व्याज ९,५०४ रुपये. म्हणजे दरमहा सुमारे आठशे रुपये भाडे आम्ही मुख्यतः कोऱ्या डायऱ्यांसाठी आणि रिकाम्या खोक्यांसाठी भरणार होतो. न खपणाऱ्या मालाला दुकानात कोणी अशी जागा देईल काय? चिरंजीव मोठ्याने हसले. पुढचे समजावून सांगण्याची गरज उरली नाही.

परंतु सूनबाईने एक रास्त मुद्दा काढला. “आण्णा, पर्वात आणि लग्नकार्यात पंधरा-वीस पाहुणे येतात. त्यांच्या गाद्या, उशा, पांघरुणे कोठे ठेवायची? ते काही पडून असलेले सामान नाही.” तिचे म्हणणे बरोबर होते. साठवण ही वाईट गोष्ट नव्हे. पाहुण्याला टेकण्यास अंथरूण देणे हा आपल्या घरांचा धर्मच आहे. हंगामी रकान्याला जागा हवीच, फक्त ती उशावर नको.

सायंकाळी भंगारासाठी काढलेल्या वस्तूंत ती लोखंडी पेटी होती. चिरंजिवांनी ती उलटी करून पाहिली. “आण्णा, हिचा कोपरा एवढा कशाने चेपला?”

तेव्हा मी सांगितले. फळी मी ठोकली होती हे सांगितले, आई नको म्हणाली होती हेही सांगितले. तो त्या वेळी चार वर्षांचा होता. त्याला केवळ अंगणात काढलेल्या रात्री आठवत होत्या. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “पण आजी तर आम्हाला नेहमी सांगायच्या की आडावर पाय घसरून पडले म्हणून. भूकंपाचे त्या कधीच बोलल्या नाहीत.”

हे मला ठाऊक नव्हते. नातवंडांनी पायाबद्दल विचारले की तिने एकवीस वर्षे आडाचे नाव सांगितले होते. सत्याणुव्रत कसोशीने पाळणाऱ्या माझ्या आईने एवढी एकच गोष्ट खोटी सांगितली, ती माझ्यासाठी. मी उठून आत गेलो. थोड्या वेळाने बाहेर आलो तेव्हा चिरंजीव डिझायनरशी फोनवर बोलत होते आणि उशावरची कपाटे नकाशातून काढावयास सांगत होते. कारण विचारले गेले असावे. “वास्तुशास्त्र,” एवढेच तो म्हणाला.

आता वरचा मजला पूर्ण झाला आहे. वाचकांपैकी कोणी बांधकामाच्या विचारात असेल तर उपयोगी पडावे म्हणून आम्ही काय केले ते थोडक्यात नमूद करतो.

पलंग ६ बाय साडेसहा फुटांचा आहे. म्हणजे ३९ चौरस फूट. खोलीची जवळपास चौथाई जागा त्यानेच घेतली. दोन्ही बाजूंस अडीच-अडीच फूट वाट मोकळी ठेवली. उशावरच्या भिंतीवर काहीही नाही, जड तसबीरसुद्धा नाही. वॉक-इन वॉर्डरोब रद्द करून त्या जागेला खिडकीसह एक लहान खोली केली. तेथे सामायिक, स्वाध्याय होतो आणि गरज पडल्यास पाहुणा झोपतो. कपड्यांचे कपाट दोन फूट खोल, पायाकडच्या भिंतीला. त्याचे पल्ले सरकते, कारण उघडणाऱ्या पल्ल्यांना आणखी दीड-दोन फूट जागा लागते. ते वरच्या बाजूस लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला आवळले आहे. जड वस्तू तळाच्या कप्प्यात, हलक्या वर. आणि एक कप्पा रिकामा. तो भरला की काहीतरी बाहेर काढावयाचे, असा नियम आम्ही घेतला आहे.

पाहुण्यांच्या गाद्यांसाठी खिडकीखाली दीड फूट उंचीची बसण्याची पेटी केली. पलंगाखाली बंद पेटी करण्याचा विचार मात्र सोडून दिला. गाद्यांच्या खाली वर्षानुवर्षे न उघडणाऱ्या अंधाऱ्या जागेत झुरळे, कसर, ढेकूण यांची वस्ती होते आणि मग औषध फवारावे लागते. जी जागा रोज झाडता येत नाही तेथे जीवदया पाळता येत नाही. म्हणून पलंग पायांवर, जमिनीपासून आठ इंच उंच ठेवला. केरसुणी सहज फिरते. ज्येष्ठांच्या खोलीत गादीसह पलंगाची उंची अठरा-वीस इंच ठेवली, म्हणजे उठताना गुडघ्यांवर भार येत नाही. दिव्याचे बटण हाताशी आहे आणि न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर जमिनीलगत मंद दिवा आहे.

ऐषआरामी शयनगृहांच्या चित्रांत चामड्याचे हेडबोर्ड, रेशमी पलंगपोस आणि पिसांच्या उशा हमखास दिसतात. रेशीम कोशातील जीव मारून निघते आणि पिसे पक्ष्यांची असतात, हे विक्रेता सांगत नाही. आम्ही हेडबोर्ड साध्या सागवानी फळीचा केला. चादरी सुती, उशा सावरीच्या कापसाच्या. आमच्याकडील वैशाख लक्षात घेऊन समोरासमोर खिडक्या घेतल्या, गच्चीवर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी केली. या दोन गोष्टींनी झोपेला जेवढे सुख दिले, तेवढे छतातल्या लपविलेल्या दिव्यांनी दिले नसते. तरी ते दिवे ठेवले आहेत. सूनबाईला ते आवडतात, आणि माझे सर्वच म्हणणे मान्य व्हावे असा आग्रह मी धरला नाही.

भूकंपानंतर बावन्न गावे नव्याने वसविली गेली, तेव्हा शासनाने जमीनधारणेनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे दिली. अनेक कुटुंबांचा सारा संसार त्या २५० चौरस फुटांत मांडला गेला आणि मुलाबाळांसह चालला. आमची एक खोलीच १६८ चौरस फुटांची आहे. हा आकडा मी खोलीच्या नकाशावर पेन्सिलीने लिहून ठेवला आहे.

लोखंडी पेटी भंगारात दिली नाही. चेपलेला कोपरा तसाच ठेवून चिरंजिवांनी तिला रंग दिला आणि ती आमच्या पलंगाच्या पायाशी जमिनीवर ठेवली. तिच्यात आईची एक वाकळ आहे. बाकी ती रिकामी आहे.

चूकभूल क्षमस्व. जय जिनेंद्र.